गाण्याला इस्त्री कशाला?

ऱ्हिदम गेमसाठी चार्ट बनवणाऱ्या हौशी मंडळींत एक मत अधूनमधून फार ठामपणे मांडलं जातं. ज्या गाण्याची लय हलते त्याच्या वाटेला जाऊ नये, आणि जायचंच असेल तर आधी ते संगणकावर ताणून-आवळून एका ठरावीक बीपीएमवर, म्हणजे मिनिटाला नेमक्या तेवढ्याच ठोक्यांवर, बसवावं, मग त्यावर नोट्स मांडाव्यात. ज्यांनी असे खेळ पाहिलेले नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगायचं तर पडद्यावरून रंगीत खुणा सरकत येतात, त्या रेषेवर पोचतात त्याच क्षणी गाण्यात ठोका पडतो, आणि खेळणाऱ्याने नेमकं तेव्हा बटण दाबायचं असतं. कुठली खूण कधी यायची याची मांडणी म्हणजे चार्ट. आता वरचा नियम मानला तर या खेळातून आपल्याकडचं काय काय बाद होतं ते पाहा. पोवाडा बाद, कारण शाहीर मध्येच थांबून बोलतो. भजन बाद, कारण शेवटचा गजर चढत जातो. घाटकोपर पूर्वेला नवरात्रात चालणारा गरबा बाद, विसर्जनाच्या मिरवणुकीतला बेंजो बाद, आणि एका दमात, वाद्यवृंदासह एकत्र बसून ध्वनिमुद्रित केलेली जुनी भावगीतं आणि चित्रपटगीतंही बाद. उरतं ते मशीनच्या ठेक्यावर बेतलेलं रीमिक्स. हा नियम तांत्रिक नाइलाजातून आला असता तर मुकाट्याने मान्य करावा लागला असता. पण तो नाइलाजातून आलेला नाही, सवयीतून आलेला आहे.

सवय कुठून लागली हेही उघड आहे. कोनामीचं बीटमेनिया 1997 साली आलं आणि डान्स डान्स रेव्होल्यूशन 1998 साली. या खेळांचा कणा होता तो युरोबीट, टेक्नो, ट्रान्स अशा संगीताचा, म्हणजे जे मुळात सिक्वेन्सरवर, एक बीपीएम टाइप करूनच तयार होतं. त्याला एकच आकडा पुरतो यात नवल नाही, कारण तो आकडा गाण्याच्या जन्माआधीच ठरलेला असतो. याच घराण्यात लय बदलणं ही एक खोडी म्हणून रूढ झाली. 2001 सालच्या ‘मॅक्स 300’मध्ये खेळणारा धावत असताना मध्येच सगळं थांबतं, ते त्याला गाफील पकडायलाच. त्यामुळे पुढच्या पिढीच्या मनात समीकरण पक्कं झालं की बीपीएम बदलला म्हणजे कुणीतरी चेष्टा करतंय. पण दुसरं घराणंही तेवढंच जुनंजाणतं आहे. हार्मोनिक्सने 2005 मध्ये गिटार हीरो आणि 2007 मध्ये रॉक बँड आणलं, तेव्हा त्यांच्यासमोर सत्तरच्या दशकातली रॉक गाणी होती. ती माणसांनी वाजवलेली, बरीचशी क्लिक-ट्रॅकशिवाय, म्हणजे कानात टकटक न ठेवता. त्यांनी गाण्यांना शिस्त लावली नाही. चार्टखाली लयीचा नकाशा घातला, गाणं जिथे पुढे सरकतं तिथे नकाशाही सरकवला, आणि खेळणाऱ्याला बहुतेक वेळा त्याचा पत्ताही लागला नाही. तेव्हा ‘खेळाला हे झेपत नाही’ हे म्हणणं वीस वर्षांपूर्वीच खोटं पडलेलं आहे.

एक बीपीएम आणि एक ऑफसेट, म्हणजे पहिला ठोका कितव्या क्षणी येतो तो आकडा, यावर भागतं म्हणणाऱ्यांना बहुधा सरासरीचा भरवसा असतो. सुरुवातीला 100, शेवटी 112, मग 106 धरा की, गोळाबेरीज जुळते! गोळाबेरीज खरंच जुळते, आणि तीच फसवते. चार मिनिटांचं गाणं 100 वरून 112 पर्यंत एकसारखं चढत गेलं तर दोन मिनिटांपर्यंत त्यात 206 मात्रा होतात. 106 च्या ठरीव चार्टमध्ये तेवढ्याच वेळात 212 होतात. म्हणजे सुरुवात बरोबर, शेवट बरोबर, आणि ऐन मध्यावर चार्ट सहा मात्रा पुढे. आठ मात्रांच्या ठेक्यात गायक समेच्या, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेच्या, तयारीत असताना पडदा भलतीकडेच पोचलेला असतो. कुणी म्हणेल, बारा बीपीएम जरा जास्तच झाले. ठीक, दोनच घ्या. 100 वरून 102, जो फरक ऐकणाऱ्याच्या कानाला जाणवणारही नाही. 101 च्या सरासरीवर मध्याशी तरीही एक अख्खी मात्रा चुकते. आणि हे खेळ मात्रेत मोजत नाहीत, मिलिसेकंदांत मोजतात. स्टेपमेनिया या खेळाच्या नेहमीच्या काटेकोरपणावर सर्वोच्च दाद मिळवायची तर ठोका 22.5 मिलिसेकंदांच्या आत पडावा लागतो, त्याखालची दाद 45 च्या आत. एक टक्क्याच्या फरकाने 45 मिलिसेकंद ओलांडायला साधारण पाच सेकंद लागतात. पाच सेकंदांत मोडणाऱ्या गृहीतावर चार मिनिटं काढायची, हा कुठला काटेकोरपणा?

इथे आणखी एक गल्लत नेहमी होते. ‘सिंक चुकलंय’ या एका वाक्याखाली तीन निरनिराळे आजार खपवले जातात. नोट्स सुरुवातीपासून अखेरपर्यंत एकाच अंतराने लवकर किंवा उशिरा येत असतील तर तो ऑफसेटचा दोष. फाईल एमपीथ्री करताना सुरुवातीला किंचित शांतता चिकटते, ब्लूटूथ हेडफोन आवाज उशिरा पोचवतात, हे सगळं त्यात येतं आणि एक आकडा बदलला की मिटतं. अंतर एकसारखं वाढत जात असेल तर बीपीएम चुकलाय. 121 च्या जागी 120 लिहिलं तर दर मात्रेला चार मिलिसेकंदांची गळती होते, सोळा मात्रांनंतर 66, बत्तिसांनंतर 132. आणि अंतर वाढून पुन्हा कमी होत असेल, किंवा कडव्यात चुकून धृपदाला जुळत असेल, तर दोष कुणाचाच नाही, गाण्याची लय जिवंत आहे इतकंच. तिसऱ्या प्रकारावर पहिल्याचं औषध लावणारे ऑफसेट पाच मिलिसेकंद इकडे, सात मिलिसेकंद तिकडे करत बसतात, आणि जुळलं नाही की ‘गाणंच खराब आहे’ म्हणून सोडून देतात. बिचारं गाणं!

खरा मुद्दा मात्र आकड्यांच्याही आधीचा आहे. चार्टमध्ये नोट कशी साठवली जाते? घड्याळाच्या सेकंदांत नव्हे. क्लोन हीरोसारख्या खेळाची चार्ट-फाईल उघडून पाहा, ती साध्या मजकुराचीच असते. प्रत्येक मात्रेचे सहसा 192 भाग केलेले असतात आणि नोट कितव्या भागावर आहे एवढंच लिहिलेलं असतं. लयीची नोंद वेगळ्या कप्प्यात. तिथे ‘बी 120000’ असं काहीतरी दिसतं, म्हणजे इथून पुढे बीपीएम 120, तीन दशांश स्थळांपर्यंत. स्टेपमेनियाच्या फाईलमध्येही हाच विभाग: नोट्स मात्रांवर आणि बीपीएमची यादी निराळी. मराठी माणसाला यात नवीन काहीच वाटू नये. विष्णु नारायण भातखंडे यांनी क्रमिक पुस्तकांत बंदिशी लिहिल्या त्या याच तत्त्वाने. समेला फुली, खालीला शून्य, एका मात्रेत येणारे स्वर एका कमानीत. पण ती मात्रा किती सेकंदांची हे त्या लेखनात बांधलेलं नाही. विलंबितात गा, द्रुतात गा, सम समेच्याच जागी राहते. मात्रा हे मोजण्याचं माप आहे, घड्याळाचं नाही. चार्टच्या रचनेने ही सोय आपल्यापुढे आयती ठेवली आहे. लय बदलली तर यादीतली लय बदलायची, नोटला हात लावायचा नाही. मग गाणंच बदलायला निघालेली मंडळी आपल्याच हत्याराचा निम्मा भाग न वापरता तक्रार करत आहेत असं म्हणावं लागतं.

आता सर्वांत अवघड उदाहरण घेऊ, पोवाड्याचं; सोपं घेऊन वाद जिंकण्यात मजा नाही. घाटकोपरच्या चिरागनगरात शाहीर अण्णा भाऊ साठे वर्षानुवर्षं राहिले. 1944 साली अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासोबत त्यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं, आणि ‘माझी मैना गावावर राहिली’ ही त्यांची छक्कड संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत गाजली. शाहिरी हा घाटकोपरचा घरचा ऐवज आहे, आणि ठरीव बीपीएमच्या नियमाला शाहिरीइतकं न जुमानणारं दुसरं काही नसेल. पोवाड्यात डफ कडाडतो, शाहीर चौक, म्हणजे पोवाड्याचं एकेक कडवं, गातो, मागचे झीलकरी तुणतुणं-झांजेसह झील धरतात. मग ताल थांबतो, शाहीर गद्यात प्रसंग सांगतो, सांगता सांगता आवाज चढवतो आणि शेवटच्या शब्दावर डफाची थाप पाडून चाल पुन्हा उचलतो. कटाव आला की छोट्या छोट्या यमकांची सरबत्ती सुरू होते आणि लय हमखास वर सरकते. याचा चार्ट कसा करायचा? तालाचा भाग आवर्तनांत बांधायचा. गद्याच्या भागात नोट ठेवायचीच नाही, पण मात्रा मोजत राहायच्या. समजा चौक 100 च्या आसपास संपला आणि गद्य नेमकं 14 सेकंदांचं आहे. त्यात 24 मात्रा बसवल्या, म्हणजे आठाची तीन आवर्तनं, तर बीपीएम 102.86 येतो. हा आकडा गाण्यात कुठेही वाजत नाही, तो निव्वळ हिशोबाचा आहे. पण त्यामुळे दोन गोष्टी साधतात: डफाची पुढची थाप बरोबर समेवर पडते, आणि खुणा सरकण्याचा वेग चौकातल्या वेगाशी जवळजवळ सारखा राहिल्याने पडद्यावर उसळी दिसत नाही. सोळाच मात्रा बसवल्या असत्या तर 68.57 आले असते आणि थापेची खूण पडद्यावर आधी रेंगाळून पुढच्या खुणांनी एकदम धाव घेतली असती. हे कसब आहे, जादू नाही. गद्य चालू असताना खेळणाऱ्याने काय करावं? ऐकावं. पोवाडा ऐकायला बसलेला माणूसही तेवढा वेळ ऐकतच असतो.

यावर पहिला आक्षेप व्यावहारिक आहे आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. हल्लीची सॉफ्टवेअर इतकी चांगली आहेत की दोन-चार टक्के ताणलं तर कुणाला कळतही नाही. मग गाण्याला एकदा इस्त्री मारून टाकली तर बिघडलं काय? दोन-चार टक्क्यांनी आवाजाचा पोत फारसा बिघडत नाही, हे मान्य. ढोलकीच्या थापेची धार किंचित बोथट होते, झांजेला थोडा फेस येतो, पण फोनच्या स्पीकरवर ते खपून जाईल. बिघडतं ते दुसरंच. गाणारा समेच्या आधी किंचित रोखून धरतो आणि मग सोडतो, भजनी मंडळ गजरात एकमेकांना पुढे रेटतं, बेंजोवाला चौकात गर्दी थांबलेली पाहून ठेका वाढवतो. हे सगळं लयीतच घडतं. एकाच बीपीएमवर ताणलं की हे नेमकं पुसलं जातं, आणि उरतं ते स्वर आणि शब्द. जे गाणं खेळायला आवडलं म्हणून निवडलं, त्यातला खेळण्याजोगा भाग पहिल्यांदा काढून टाकायचा? शिवाय ही इस्त्री काही फुकट होत नाही. गाणं ताणायचं म्हणजे आधी त्यात कुठे काय चढतं-उतरतं याच्या खुणा करणं आलंच. तेवढ्याच खुणा चार्टच्या लययादीत लिहिल्या असत्या तर काम तिथेच संपलं असतं.

दुसरा आक्षेप खेळणाऱ्याच्या बाजूने येतो. लय बदलणारा चार्ट अन्यायाचा, कारण पुढची नोट कधी येणार याचा अंदाजच बांधता येत नाही, खुणा कमी-जास्त वेगाने सरकतात, डोळे थकतात. यातला शेवटचा भाग तांत्रिक आहे आणि सुटलेलाही आहे. स्टेपमेनियात सी-मॉड लावला की बीपीएम काहीही होवो, खुणा एकाच वेगाने सरकतात. ओसू या खेळात लयीच्या रेषा आणि वेगाच्या रेषा निराळ्याच आहेत, एकीने केलेला फरक दुसरीने भरून काढता येतो. मुळात 100.4 वरून 101.1 झाल्यावर सरकण्यातला फरक एक टक्काही नसतो. ‘डोळे थकतात’ ही तक्रार 150 वरून 300 वर उडी मारणाऱ्या खोडकर चार्टबद्दल खरी आहे, गाण्यामागोमाग जाणाऱ्या चार्टबद्दल नाही. अन्यायाचा भाग मात्र मी उलट बाजूने मांडतो. गजर चढतो तेव्हा टाळ वाजवणाऱ्याला कुणी आगाऊ सूचना देत नाही, गरब्यात टाळी देणाऱ्या पन्नास हातांना कुणी आकडा सांगत नाही. सगळे ऐकतात आणि सोबत चढतात. ठरीव बीपीएमच्या चार्टमध्ये हाच माणूस, ज्याचा हात गाण्याबरोबर बरोबर चढला, तो ‘लवकर’ म्हणून बाद होतो, आणि कान बंद करून खुणांकडे पाहत बसलेला जिंकतो. ऐकणाऱ्याला दंड आणि न ऐकणाऱ्याला बक्षीस, याला न्याय म्हणायचं असेल तर माझं काही म्हणणं नाही.

कष्टांची तक्रार उरते. ‘प्रत्येक ठोक्यावर खूण करत बसायला वेळ कुणाला आहे?’ कुणालाच नाही, आणि तशी गरजही नाही. सहा मिनिटांचं भजन घ्या, आठ मात्रांची धुमाळी, बीपीएम शंभराच्या आगेमागे. एक आवर्तन 4.8 सेकंदांचं, म्हणजे अख्ख्या भजनात सुमारे 75 समा. खूण फक्त समेवर करायची. दोन समांच्या मध्ये बीपीएम एकच राहू द्यायचा. एका आवर्तनात लय 100 वरून 102 पर्यंत चढली, आणि हे झपाट्याचं चढणं झालं, तरी मधल्या मात्रेशी फरक साधारण 12 मिलिसेकंदांचा पडतो. 22.5 च्या आतच. 75 खुणा म्हणजे कान देऊन एक संध्याकाळ. लय स्थिर असलेल्या टप्प्यात चार आवर्तनांमागे एक खूणही पुरते.

समेवरच का, ठोक्यावर का नाही, याला वेळ वाचवण्यापलीकडचं कारण आहे, आणि इथे मला माझ्याच बाजूच्या अतिउत्साही मंडळींशीही भांडायचं आहे. काही जण लय पाळायची म्हणजे प्रत्येक थापेमागे एक बीपीएम बदल घालतात. हे गाण्याशी इमान नव्हे. ढोलकीवाला ठेक्याला झोल देतो, एखादी थाप मुद्दाम मागे ठेवतो, पण मात्रा हललेली नसते. ती मनात स्थिर असते म्हणून तर मागे पडलेली थाप गोड लागते. त्या थापेसाठी मात्राच सरकवली तर झोल नाहीसा होतो आणि नकाशात निरर्थक खाचखळगे उरतात. लग्गी सुरू झाली की आपोआप बीपीएम काढणारं सॉफ्टवेअर 80 चे 160 करून देतं, कारण त्याला दुगुन, म्हणजे त्याच मात्रांत दुप्पट बोल, आणि लय चढणं यातला फरक कळत नाही. तो तबल्याच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला कळतो. तिहाईत तर ते साफ बावचळतं: तीनदा फिरून येणारा तुकडा मात्रांच्या वजनाला छेद देत समेवर येतो, यंत्राला वाटतं लयच बदलली. यंत्राने काढलेली यादी कच्चा मसुदा म्हणून घ्यावी, मग हाताने टाळी देत, सम, टाळी, खाली मोजत, तिच्यावर लाल शाई चालवावी. टाळी जिथे डळमळत नाही तिथे यंत्र काहीही सांगो, लय बदललेली नाही.

एक शेवटची अडचण उरते ती ध्वनिमुद्रणांची, आणि तिच्यात या पद्धतीचा फायदा सर्वांत स्पष्ट दिसतो. जुनी मराठी गाणी आपल्यापर्यंत अनेक वाटांनी आलेली आहेत: तबकडीवरून, कॅसेटवरून, आकाशवाणीवरून कुणी घरी टेप केलेली. कॅसेट-प्लेअर एक टक्का जलद फिरत असेल तर तीन मिनिटांत 1.8 सेकंदांचा फरक पडतो आणि स्वरही किंचित वर जातो. एकाच गाण्याच्या दोन फाईली त्यामुळे एका चार्टवर बसत नाहीत, आणि ‘चार्ट चुकीचा आहे’ म्हणून वाद होतात. नोट्स मात्रांवर आणि लय स्वतंत्र यादीत ठेवली असेल तर दुसऱ्या फाईलसाठी फक्त ती यादी नव्याने करायची. 75 समांचं काम, त्यातही अंतरं सारख्याच प्रमाणात बदललेली. एवढंच काय, एकच पोवाडा दोन शाहिरांनी त्याच चालीत, त्याच बांधणीने गायला असेल, एकाने गद्य लांबवलं आणि दुसऱ्याने झटक्यात उरकलं असेल, तरी चौकांवरच्या नोट्स आहेत तशा राहतात. दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या की पहिला शाहीर कटावात 104 वरून 118 वर चढला आणि दुसरा 110 वरच थांबला, हेही चार्टच्या फाईलमध्ये आकड्यांत वाचता येतं.